ताई, आईला कुठला पिक्चर लावायचा ते सांगतो

लिस्बन,
रविवार

प्रिय ताई, भावोजी, आई आणि सोनू,

ताई, तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. आईच्या दुसऱ्या डोळ्याची पण पट्टी निघाली, दिसायला लागलं, आणि आता ती सिरियल नको म्हणते आणि "काहीतरी बरं लाव" म्हणून तुझ्यामागे लागलीय, हे ऐकून जाम हसलो. ग्रुपवर टाकलं असतं पण तिथे गुड मॉर्निंगच्या फुलांत कुठे सापडणार, म्हणून नीट मेलच लिहितो. एकदम तीन तास बसवू नको तिला, डॉक्टर काय म्हणाले ते लक्षात आहे ना, अर्धा आज अर्धा उद्या असं चालेल. आणि बाबा शनिवारी डिचोलीहून येतात तेव्हा त्यांच्यासाठी वेगळा काढून ठेव, त्यांची आणि आईची आवड कधी जुळली नाही आणि आता तर मुळीच जुळणार नाही.

इथे माझी सुट्टी आठवड्याच्या मधेच कधीतरी पडते, नाईट ड्युटी करून आलं की झोप येत नाही, मग पिक्चर. कधी लॅपटॉपवर, कधी थिएटरात. इकडचं मला एक आवडतं, पिक्चर कुठल्याही देशाचा असो आवाज मूळ भाषेतलाच ठेवतात आणि खाली पोर्तुगीज अक्षरं, डबिंग फक्त लहान मुलांच्या कार्टूनला. माझं पोर्तुगीज क्लासपेक्षा त्या अक्षरांनी जास्त सुधारलं. आणि हो, मोठ्या थिएटरात चक्क इंटरव्हल असतो, सगळे उठून बाहेर जातात, पॉपकॉर्न गोड की खारे विचारतात (गोड पॉपकॉर्न कोण खातं देव जाणे, पण लाईन त्याचीच मोठी).

पहिला 'दशावतार'. तुम्ही सगळ्यांनी सावंतवाडीत बघितला असेल पण आईने नाही बघितला ना, त्यामुळे तिला तो नक्की लाव. दिलीप प्रभावळकर आहेत, तिला सांग टिपऱ्यांचे आबा, लगेच बसेल. ऐंशी ओलांडलेला माणूस गं, आणि काय काम केलंय. बाबुली मेस्त्री नावाचा दशावतारी, नजर अधू होत चाललीय, मुलगा म्हणतो बाबा आता पुरे, आणि ह्याला रंगमंच सोडवत नाही. तोंडाला रंग लावताना त्याचे हात बघ. बोटांना सवय असते ना, आरशात न बघता सुद्धा भुवई कुठे येते ते बोटाला माहीत. मी ते दृश्य मागे नेऊन परत बघितलं. पेडण्याला मामाच्या जत्रेत आपण स्टेजच्या मागच्या बाजूला जाऊन बसायचो आठवतं? पेटाऱ्याला टेकून एक जण विडी ओढत बसलाय, अंगावर नऊवारी, आणि पाच मिनिटांनी तोच बाहेर जाऊन द्रौपदी म्हणून असा रडतो की आजूबाजूच्या बायका पदर डोळ्याला लावतात. लिहिलेलं काही नाही, संवाद तिथल्या तिथे, पायपेटीवाल्याने सूर धरला की सुरू. आणि संकासुर आला की तू आईच्या मांडीत तोंड लपवायचीस, मी नाही, तू.

तर ते सगळं पिक्चरमध्ये मस्त आलंय. मालवणी पण चांगली आहे, उगाच विनोदासाठी वाकडी केलेली नाही. इंटरव्हलनंतर तो वेगळाच पिक्चर होतो, सूडाचा, तिथे मला थोडं जास्त झालं, एवढं सगळं जमवून आणायची गरज नव्हती असं वाटलं. कसं ते सांगत नाही, आईची मजा जाईल.

पण मला बोलायचंय ते खाणीबद्दल. त्यात खाणवाले म्हणजे सरळ राक्षस, गाव म्हणजे देव. आता तुमच्याकडे कळणे गावात काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे, डोंगर पोखरल्यावर पाणी कुठे जातं ते लोकांनी डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाला तो पिक्चर एकदम पटणार. पण डिचोलीच्या माणसाने काय करायचं? आपल्या घरात टिप्परचे हप्ते होते. तुझ्या लग्नाचे पैसे कुठून आले? २०१२ ला सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या खाणी बंद केल्या तेव्हा बाबा अंगणात उभ्या असलेल्या टिप्परकडे नुसते बघत बसायचे, मग कशाबशा सुरू झाल्या आणि २०१८ ला परत सगळ्या लीज रद्द. आणि दुसऱ्या बाजूने हे पण खरं की आई वाळत घातलेले कपडे दुपारी परत धुवायची, तुळशीची पानं लाल, साखळीच्या रस्त्यावरून स्कूटर चालवली की रुमाल लाल, नाकात लाल. दोन्ही आपलंच. पिक्चरला ह्यातलं एकच माहिती आहे. जत्रा माहिती आहे, रंगपट माहिती आहे, पण ट्रकवाल्याच्या घरात रात्री काय बोलणं होतं ते माहिती नाही. तरी तक्रार करत नाही, एवढं तरी कोणी दाखवलं. बाबांसोबत बघू नका मात्र, नाहीतर पिक्चर राहील बाजूला आणि कर्जमाफीवर भाषण सुरू होईल.

भरत जाधव त्यात पण आहे आणि 'आता थांबायचा नाय' मध्ये पण आहे. हा दुसरा तर आईला नक्की लाव. मुंबई महापालिकेचे सफाई कामगार, वयाने मोठे, घरी बायकापोरं, ते रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात. खऱ्या घटनेवरून काढलेला आहे. मी लावला तेव्हा वाटलं की आता भाषण देणार, शिक्षणाचं महत्त्व वगैरे, पण नाही, बराच वेळ तो नुसता हसवतो. सिद्धार्थ जाधव नेहमी उड्या मारत असतो ना, इथे किती शांत आहे बघ. शेवटाकडे जरा जास्तच गोड होतो पण तोपर्यंत आपण त्या माणसांच्या बाजूचे झालेलो असतो, त्यामुळे चालून जातं. आईला सातवीत शाळेतून काढली होती त्याचा राग अजून आहे तिला, ती बोलत नाही पण सोनूच्या मार्कलिस्टकडे ती कशी बघते ते तू बघितलंयस. बघताना रडली तर रडू दे, डोळ्याचे थेंब नंतर घाल.

भावोजी, तुमच्यासाठी आता मारामारीचं सांगतो. 'एफ१' बघितला, ब्रॅड पिट, रेसच्या गाड्या. आवाज भारी, गाड्या भारी, गोष्ट मात्र तुम्ही पहिल्या दहा मिनिटांत सांगाल तीच. सोनूला आवडेल. मोठ्या पडद्यावर ठीक आहे, टीव्हीवर काय मजा नाही.

'छावा' तुम्ही सगळ्यांनी थिएटरात बघितलाय, माझा उशिराने झाला. विकी कौशलने जीव तोडून काम केलंय, अक्षय खन्ना औरंगजेब म्हणून नुसता बसलेला सुद्धा भीतीदायक वाटतो, पण मला कान दुखले हो. सतत गर्जना. एखादा माणूस हळू बोलला तर तो कमी शूर ठरतो का? त्यावरून आठवलं, १६८३ ला संभाजीराजे गोव्यावर चालून आले, जुवें बेट घेतलं, आणि पोर्तुगीज व्हाइसरॉय इतका घाबरला की जुन्या गोव्याला जाऊन सेंट झेवियरच्या शवापुढे आपला राजदंड ठेवून आला, आता तूच सांभाळ म्हणून. ह्याच्यावर कोणी अख्खा पिक्चर काढला तर मी पहिल्या दिवशी तिकीट काढीन आणि इथल्या ऑफिसातल्या पोर्तुगीज दोस्तांना पण घेऊन जाईन. मांडवी, भरती-ओहोटी, होड्या, बेटं, सगळं तिथे आजही आहे, सेट पण नको.

गोव्याचं निघालंच आहे तर 'दृश्यम'. हा आपण सगळ्यांनी किती वेळा बघितला त्याची गणतीच नको, दोन ऑक्टोबरला पणजीला सत्संग, पावभाजी, पिक्चर, हे सोनूला पण पाठ आहे. पण परवा माझ्या रूमवरच्या कोट्टयमच्या पोराने मला बसवून मूळ मल्याळम 'दृश्यम' दाखवला, २०१३ चा, मोहनलालचा. तो म्हणतो तुमचा कॉपी आहे, मी म्हणतो कॉपी आहे पण आमचा आहे, आणि रात्रभर भांडलो. मूळात तो जॉर्जकुट्टी ख्रिश्चन, त्यामुळे सत्संगाच्या जागी चर्चचं ध्यान शिबिर, दोन ऑगस्टची तारीख. मोहनलाल जास्त चांगला आहे, मान्य करावं लागतं. अजय देवगण पहिल्यापासून काहीतरी लपवतोय असं दिसतो, मोहनलाल शेवटपर्यंत चिक्कू, सिनेमावेडा, साधा केबलवाला दिसतो आणि म्हणून जास्त धक्का बसतो. त्याचा तो रबराचा, भाताचा, पावसाचा प्रदेश पण जास्त खरा आहे.

तरी पण आपला हिंदी, निशिकांत कामतचा 'दृश्यम' मला सोडवत नाही आणि कारण सांगू? हिंदी पिक्चरमध्ये गोवा म्हणजे काय असतं, तीन मुंबईचे दोस्त उघड्या जीपमधून येतात, बीचवर दारू पितात, एक फेरनांडिस नावाचा म्हातारा कायम झिंगलेला असतो, आणि कोणीतरी गोव्यात काम करतोय असं कधी दिसतच नाही. इकडे ऑफिसात मी गोव्याचा म्हटलं की दिल्लीचा पोरगा लगेच "क्या लाइफ है यार" म्हणतो. आणि ह्या पिक्चरमध्ये साळगांवकर नावाचा माणूस, चौथी नापास, सकाळी उठून केबलच्या ऑफिसात जातो, बायको सोफ्यासाठी कटकट करते, नाक्यावर चहा, कोपऱ्यात पोलीस चौकीचं काम चाललंय, आडगावची एसटी. म्हणजे आपल्या शेजारचा माणूस. पिक्चरमधलं पांडोळे असं खरं गाव नाही, पण मये, कोलवाळ, हळदोणे फिरलेल्या कोणालाही ते गाव ओळखता येतं. बीच आहे कुठे त्यात? एखाद दुसरा शॉट. निशिकांत कामत गेले २०२० ला, 'डोंबिवली फास्ट' पण त्यांचाच. त्यांना माहीत होतं की माणसाचं पहिलं कामधंद्याचं ठिकाण दाखवायचं, मग खून.

कोंकणीतला 'नाचुया कुंपासार' पण ह्या पोराला दाखवला बदला म्हणून. मुंबईतल्या क्लबात वाजवणारे आपले गोव्याचे म्युझिशियन, साठ-सत्तरचं दशक, क्रिस पेरीची गाणी. पलोमी घोष बंगाली असून अशी गाते-नाचते की मडगावचीच वाटते. त्याला गोष्ट कळली नाही फारशी पण दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना गाणं म्हणत होता, म्हणजे जिंकलो.

आता भुताचे. आईला नको, तुला आणि सोनूला. 'मुंज्या' सोनूने बघितलाच असेल, कोकणातलं पिंपळावरचं मुंजीच्या पोराचं भूत, पुण्यातली पार्लर चालवणारी आई, सुहास जोशी आजी. मजा येते, भीती वाटत नाही, ते कम्प्युटरवरचं भूत फारच कार्टून झालंय. पण त्यातली आजी आणि नातू मात्र खरे. 'तुंबाड' मी परत बघितला, तो २०१८ ला आला तेव्हा कोणी विचारला नाही आणि २०२४ ला परत थिएटरात लावला तर पहिल्यापेक्षा जास्त चालला, असं कधी ऐकलंयस? त्यातला पाऊस बघ ताई. आपल्याकडे जुलैत भिंतीला हात लावला की जशी ओल बोटाला लागते ती ओल त्या पडद्यावर आहे. पैसे मिळत जातात आणि माणूस अजून अजून हावरा होत जातो, भूत त्यामानाने बिचारं कमी हावरं. बाबांना धारप आवडतात ना, त्यांना हा लावून दे, एकटेच बघतील आणि जेवताना काही बोलणार नाहीत.

इंग्लिशमधला 'सिनर्स' पण ह्याच रांगेतला. १९३२ चं अमेरिकेतलं मिसिसिपी, कापसाचे मळे, दोन जुळे भाऊ शिकागोहून परत येतात आणि जुनी लाकडाची गिरणी विकत घेऊन तिथे गाण्या-नाचण्याचा अड्डा काढतात. रक्त पिणारी भुतं येतात, पण तास भर त्यांचा पत्ताच नाही. तास भर काय चाललंय तर मासे कोण तळणार, बोर्ड कोण रंगवणार, पेटीवाला कुठे मिळेल, दारावर कोण उभा राहणार. मला तोच तास सगळ्यात आवडला. मग रात्री तो पोरगा गिटार वाजवायला लागतो आणि त्या खोलीत हळूहळू शेकडो वर्षांपूर्वीचे आफ्रिकेतले ढोलवाले येतात आणि पुढच्या काळातले इलेक्ट्रिक गिटारवाले, डीजे सगळे येऊन नाचायला लागतात, एकाच खोलीत. अंगावर काटा आला. भुतं आल्यावर मग नेहमीचं मारामारी-रक्त, ते तुला नाही आवडणार, तिथे बंद केलास तरी चालेल.

छाया कदम. आपल्या बाईचं किती कौतुक करू. 'लापता लेडीज' मध्ये स्टेशनवर चहा-भज्यांचा ठेला चालवणारी मंजू माई, हरवलेल्या नवरीला कलाकंद करायला लावते आणि त्याचे पैसे हातात देते. ते पैसे हातात घेतल्यावर त्या पोरीचं तोंड बघ. हा आईला लाव, हसून हसून पुरेवाट होईल, रवी किशनचा पान खाणारा इन्स्पेक्टर आहे, लाच मागता मागता माणूस निघतो. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बघायचा असेल तर हाच, बाबा पण हसतील.

आणि तीच छाया कदम 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट' मध्ये हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी पार्वती आहे, बिल्डर चाळीतून हाकलतोय, कागद नाहीत, शेवटी ती कोकणात रत्नागिरीकडे आपल्या गावी परत जाते. ह्याला २०२४ ला फ्रान्सच्या कान फेस्टिवलमध्ये ग्राँ प्री मिळालं, पायल कपाडियाचा. इथे एका जुन्या छोट्या थिएटरात लागला होता, हिंदी-मराठी कानाने आणि मल्याळम पोर्तुगीज अक्षरांतून असा दोन्हीकडून बघितला. दोन केरळच्या नर्सेस आणि ही. एकीचा नवरा जर्मनीत, लग्न करून गेला तो गेलाच, फोन पण बंद. आणि एके दिवशी जर्मनीहून पार्सल येतं, आत लाल रंगाचा राईस कुकर. चिठ्ठी नाही, काही नाही. रात्री ती तो कुकर मांडीवर घेऊन मिठी मारून बसते. माझ्या बाजूचे पोर्तुगीज लोक किंचित हसले, मला नाही हसता आलं. त्याच महिन्यात मी तुम्हाला मिक्सर पाठवला होता ना. (पाठवला तेव्हा चिठ्ठी घातली होती, तू नीट बघितली नाहीस, बॉक्सच्या तळाला होती.)

हळू पिक्चर आहे पण, भावोजी झोपतील. तू एकटी दुपारी बघ.

'साबर बोंडं' पण मराठीच, अमेरिकेतल्या सनडान्सला मोठं बक्षीस मिळालं २०२५ ला. वडील वारल्यावर मुंबईचा मुलगा दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो, तिथे त्याचा लहानपणचा मित्र असतो आणि दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे. हो, दोन मुलगे. आईला लावायचा की नाही ते तू ठरव, पण मला वाटतं लाव. त्यातली आई फार चांगली आहे, आरडाओरडा करत नाही, मुलाला जपते. आणि सुतकातले ते नातेवाईक, प्रत्येकाला मुलाच्या लग्नाची घाई, हे बघून आपली आई म्हणेल की हे तर अगदी आपल्या डिचोलीच्या घरचेच.

शेवटचा सांगतो तो सगळ्यात लांब होणार, कारण डोक्यातून जातच नाही. ब्राझीलचा, 'आय ॲम स्टिल हिअर', २०२५ ला परदेशी भाषेचं ऑस्कर मिळालं, ब्राझीलला पहिल्यांदाच. १९७१, रिओ, लष्कराची हुकूमशाही. रुबेन्स पायवा नावाचे पूर्वी खासदार असलेले, समुद्रासमोर घर, पाच मुलं, घरात कायम पाहुणे, कुत्रा, गाणी. एक दिवस साध्या कपड्यातले लोक येतात, जरा चौकशी आहे म्हणून त्यांना घेऊन जातात, आणि ते कधीच परत येत नाहीत. बायकोला पण नेतात, एका मुलीला पण, बायको बारा दिवसांनी सुटते. खरी गोष्ट आहे, मुलाने पुढे पुस्तक लिहिलं त्यावरून काढलाय. मारहाण जवळजवळ दाखवतच नाहीत. आत आहे तेव्हा फक्त किंकाळ्या ऐकू येतात. सुटून घरी आल्यावर ती काय करते तर आंघोळ करते, अंग घासत राहते. मग मुलांना आईसक्रीमला घेऊन जाते, आणि तिथे बसून बाकीच्या टेबलांवरच्या कुटुंबांकडे बघते. नुसती बघते. फेर्नांदा तोर्रेस नाव त्या नटीचं. त्या बघण्यात सगळं आलं.

पुढे एका मासिकाचा फोटोग्राफर येतो, कुटुंबाचा फोटो हवा असतो, तो म्हणतो जरा गंभीर चेहरा करा, हसू नका. आणि ती मुलांना म्हणते, हसा. सगळे मोठ्याने हसतात. तिथे थिएटरात लोकांचे हुंदके ऐकू आले. तिने मग मोठ्या वयात कायद्याचं शिक्षण घेतलं, वकील झाली, आणि नवऱ्याचा मृत्यूचा दाखला सरकारकडून मिळवला १९९६ ला, पंचवीस वर्षांनी. दाखला हातात घेऊन ती हसते, किती विचित्र आनंद. शेवटी म्हातारपणीची ती म्हणून जी बसलीय ती तोर्रेसची खरी आई, फेर्नांदा मोंतेनेग्रो, एक शब्द बोलत नाही.

माझ्या बाजूला एक म्हातारी बाई होती, दिवे लागले तरी उठली नाही. मला म्हणाली आमच्याकडे पण असंच होतं, १९७४ पर्यंत (तोवर पोर्तुगालमध्ये पण हुकूमशाही होती). कुठला तू विचारलं, गोवा म्हटलं तर म्हणाली मग तुला माहीतच असेल. खरं तर आपल्याला काय माहीत? शाळेत गोवामुक्तीच्या लढ्यातले टी. बी. कुन्हा, त्यांना पोर्तुगालला नेऊन पेनिशच्या किल्ल्यात ठेवलं होतं एवढं परीक्षेपुरतं. आणि मोहन रानडे, सांगलीचे, गोव्यात मास्तर म्हणून आले, पोर्तुगीजांविरुद्ध लढले, १९५५ ला पकडले, आणि इथे लिस्बनजवळ काशियशच्या किल्ल्यात डांबले. गोवा सुटला १९६१ ला आणि हा माणूस सुटला १९६९ ला! कासकाइशच्या लोकलने मी समुद्रावर जातो ना, त्याच लाईनवर ते काशियश स्टेशन लागतं, गाडी थांबते, लोक टॉवेल-छत्र्या घेऊन उतरतात. मी तिथून कितीदा गेलो असेन, मोबाईलमध्ये डोकं घालून. आता बाबांना विचार, आजोबा रानड्यांबद्दल काही सांगायचे का, आजोबा कधीतरी आग्वादच्या तुरुंगाचं काहीतरी बोलायचे पण आपण ऐकायचो नाही. बाबांना फोनवर विचारलं तर "बरं आहे, बरं आहे" म्हणून ठेवून देतात, तू समोर बसवून विचार आणि मला रेकॉर्ड करून पाठव.

हा पिक्चर आईला लावू नको म्हणणार होतो, पण नको कशाला, लाव. अक्षरं इंग्लिशमधली येतील, सोनू वाचून दाखवेल. त्याचं इंग्लिश पण सुधारेल.

तर क्रम असा, आधी 'लापता लेडीज', मग 'आता थांबायचा नाय', मग 'दशावतार' बाबा नसताना. बाकी नंतर बघू. माझ्या अकाउंटचा पासवर्ड सोनूकडे आहे, त्याने आपल्या मित्रांना वाटलाय हे मला माहीत आहे, रात्री ड्युटीवरून आल्यावर मला लॉगिन होत नाही, त्याला सांग दोन जणांना तरी काढ. आणि आईने काय बघून काय म्हटलं ते जसंच्या तसं लिही, सुधारून लिहू नको. आमसुलं अजून महिनाभर पुरतील, भावोजींचे ते दोस्त इकडे येणार असतील तर त्यांच्याकडे खाजं दे, माशेलचं मिळालं तर माशेलचंच.

आईला नमस्कार, बाबांना पण.

तुझा,
भाई